पंतनगरच्या गच्चीवरचा पिवळा टॉवेल

तेव्हा माझं पोस्टिंग पूर्व किनाऱ्यावर होतं, नौदलाच्या टेहळणी विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये. रँक चीफ पेटी ऑफिसर. काम एकच. विमानाच्या फुगीर काचेला कपाळ लावून खालचा समुद्र बघायचा. घर मात्र घाटकोपरला, पंतनगरच्या कॉलनीत. तिथे मला आजही सगळे 'फौजी' म्हणतात. नौदल वेगळं आणि फौज वेगळी, हे अख्ख्या नोकरीत मी कुणाला पटवू शकलो नाही. शेवटी नाद सोडला.

पंतनगरात राहणाऱ्याला विमानाचं कौतुक नसतं. मुंबईत उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरूनच जातात, चाकं बाहेर काढून, पोट दिसेल इतक्या खालून. त्यामुळे आम्हा सगळ्यांना एक खोड लागली आहे. विमान आलं की बोलता बोलता गप्प व्हायचं, आणि ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे बोलायचं. भांडणंसुद्धा अशीच चालतात. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं, या घरातल्या माणसांना एकदमच काहीतरी आठवतं.

आमच्या समोरच्या दारात विमलमावशी राहतात. एका दवाखान्यात आया होत्या. नवरा लवकर गेला, एकटीने मुलगी वाढवली. ती प्रज्ञा. मावशींची ड्यूटी असली की प्रज्ञा आमच्याकडे जेवायची, आमच्याकडेच झोपायची. मी रजेवर आलो की पहिल्यांदा माझी टोपी पळवायची. माझी सख्खी पुतणी मला 'काका' म्हणते त्यात तेवढी माया नाही, जेवढी या पोरीच्या 'ए फौजीकाका'त होती.

केबिन क्रूच्या परीक्षेत पास झाली त्या वर्षी तिने चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात स्टेजवर विमानातली सूचना करून दाखवली. लाइफ जॅकेट कुठून आणणार? आईचा पिवळा टॉवेल गळ्यात अडकवला. प्रवासी म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं तात्यांना. तात्या आमच्या मजल्यावरचे म्हातारे, मूळ सावंतवाडीकडचे, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केलेले आणि साऱ्या जगाची खबर ठेवणारे.

"तात्या, पट्टा लावा, नाहीतर विमान सोडणार नाही," ती म्हणाली.

तात्यांनी लेंग्याची नाडी आवळून दाखवली. कॉलनी हसून हसून बेजार झाली.

नोकरी लागल्यावर दोघी मायलेकींनी एक रीत पाडली. मुंबईत उतरणारी फ्लाइट असली की प्रज्ञा वेळ कळवून ठेवायची. मावशी तोच पिवळा टॉवेल घेऊन गच्चीवर जायच्या आणि विमान डोक्यावर आलं की दोन्ही हातांनी हलवायच्या. उतरल्यावर प्रज्ञाचा फोन यायचा, "आई, दिसलीस गं." मग मावशी जिना उतरताना मजल्या-मजल्यावर सांगत यायच्या, आली हो माझी.

त्या सकाळीही त्या गच्चीवर गेल्या होत्या. प्रज्ञाचं विमान परदेशातून मुंबईला येत होतं. पूर्वेकडच्या समुद्रावर असताना ते रडारवरून गेलं. ना 'मेडे'ची धोक्याची हाक, ना निरोप. मावशींना हे कोण सांगणार? बाकीची विमानं येतच होती, आणि मावशी त्या प्रत्येकाला टॉवेल हलवत होत्या. ऊन डोक्यावर आल्यावर माझ्या बायकोने त्यांना हाताला धरून खाली आणलं आणि मला फोन केला. तोवर आमच्या स्क्वाड्रनला शोधाचा हुकूम आला होता आणि मी ब्रीफिंग रूमच्या दारात उभा होतो.

आमचे कॅप्टन होते लेफ्टनंट कमांडर नायर. बोलायला कमी, कानाचे तिखट. माझं तोंड बघून त्यांनी बाजूला घेतलं.

"तेरा कोई है उसमें?"

"पड़ोस की लड़की, सर. गोद में खेली है."

"विंडो से हटा दूँ?"

"नहीं सर."

"ठीक है. तो आज ये आँखें तेरी नहीं हैं."

समुद्रातला शोध म्हणजे शेत नांगरण्यासारखं काम. एक पट्टा सरळ जायचं, वळायचं, शेजारच्या पट्ट्यात परत यायचं. खिडकीवरचा माणूस अर्ध्या तासाने बदलतात, कारण डोळा थकला की पाण्यावर हवं ते दिसायला लागतं. फेसाचा माणूस होतो, कासवाची सुटकेस होते. म्हणून नायर साहेबांचा एक नियम होता, नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगायचे आणि जुन्याला रोज. जो दिखा वो बोल, जो लगा वो अपने पास रख.

पहिले काही दिवस पाणी, पाणी आणि पाणी. मग एका दुपारी डाव्या बाजूला मला पिवळा ठिपका दिसला. विमानातल्या लाइफ जॅकेटचा पिवळा. टॉवेलचा पिवळा.

"पोर्ट साइड. नाइन ओ'क्लॉक. यलो. वन ऑब्जेक्ट."

"साइज?"

"राफ्ट जितना, सर."

"दिखा या लगा?"

"यलो दिखा, सर. राफ्ट लगा."

"गुड. मार्कर ड्रॉप. गोइंग डाउन."

धुराचा मार्कर पाण्यावर पडला. विमान तिरकं होऊन खाली खाली गेलं. मी आयुष्यात कुठल्या देवाकडे काही मागितलं नाही, त्या वळणावर सगळ्यांकडे मागितलं. आणि मग दिसलं. मच्छीमारांची बोट होती. तिच्यावर पिवळी ताडपत्री ताणलेली, आणि ताडपत्रीशेजारी एक माणूस उभा राहून आमच्याकडे बघत लाल गमछा हलवत होता.

मला त्या बिचाऱ्याचा भयंकर राग आला. अरे बाबा, दुसऱ्या रंगाची ताडपत्री मिळाली नाही का तुला? पण तो हलवतच राहिला. मी रिपोर्ट दिला, "फिशिंग बोट, सर. टारपॉलिन." पुढच्या पट्ट्याला लागलो. संध्याकाळी जमिनीवर उतरल्यावर नायर साहेबांनी स्वतःच्या हाताने मला चहा ओतून दिला.

ही बातमी बाहेर कशी फुटली, मला आजही माहीत नाही. रात्रीपर्यंत एका चॅनेलवर पिवळा तराफा तरंगायला लागला. प्रवासी जिवंत, म्हणे. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर कुठल्याशा बेटाचा फोटोच आला. विमान पळवलं, जंगलात लपवलं, दुसऱ्या देशाने खाली उतरवून घेतलं. ज्याच्या तोंडाला जे येईल ते. तात्यांचं ठाम मत होतं, "अरे, इमान म्हणजे काय सुई आसा हरवूक?" बायको फोनवर सांगायची आणि मी ऐकून घ्यायचो. माझ्या माणसांचा मला राग येईना. ती प्रज्ञासाठी एकेक बेट शोधून काढत होती, दुसरं काय?

तराफ्याची बातमी आली त्या रात्री तात्यांनी गेटपाशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आमचा चेडू दर्यात आसा, तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा." चेडू म्हणजे त्यांच्याकडची पोर. सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं. मावशी बौद्ध, देव मानत नाहीत. तरी खाली उतरल्या आणि हात न जोडता शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. तात्यांच्या मायेला नाही कसं म्हणायचं, असं त्यांनी नंतर माझ्या बायकोला सांगितलं.

पुढे पावसाळा आला, समुद्र खवळला आणि शोध थांबला. काही सापडलं नाही. खुर्चीची गादीसुद्धा नाही. मला रजा मिळाली.

गेटमधून आत आलो तर सगळे वाटच बघत होते. बॅग खाली ठेवू देईनात. तराफ्याचं काय झालं? कुठे ठेवलंय सगळ्यांना? मी सरळ सांगितलं, तराफा नव्हता, ताडपत्री होती, मीच बघितली. तात्या माझ्या जवळ येऊन म्हणाले, वरून ऑर्डर असतली, आमका सगळा समजता. नाक्यावरच्या पोरांनी माना डोलावल्या. लहानपणापासून ओळखणारी माणसं मला खोटं ठरवत होती, आणि त्यातही मला सांभाळून घेत होती. मावशी मागे उभ्या होत्या. काही न विचारता जिना चढून गेल्या.

बायकोने घरात सांगितलं की धम्मातल्या वडीलधाऱ्यांनी जलदान विधीचा विषय काढला होता. जलदान म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने पाणी अर्पून पुण्यानुमोदन करायचं, आपलं पुण्य त्याला द्यायचं. मावशींनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. जिवंत मुलीचं जलदान करतात का, म्हणाल्या. जेवण जवळजवळ सुटलं होतं. दिवसभर मोबाईलवर बेटं बघायच्या आणि विमानाचा आवाज आला की टॉवेल घेऊन गच्चीकडे धावायच्या. एकदा जिन्यात पडल्यासुद्धा. ही बाई अशीच जाईल, बायको म्हणाली, आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मावशींनी मला गच्चीवर बोलावलं. टॉवेल मांडीवर होता. मला बस म्हणाल्या.

"दिनू, तात्या म्हणतात तू लपवतोयस."

"मावशी, मी फक्त बघितलेलं सांगतो."

"मग एकच सांग. ते बेटबिट राहू दे." त्या टॉवेलची घडी घालत होत्या, मोडत होत्या. "पोरगी दर वेळी फोनवर म्हणायची, आई, दिसलीस. मला बरं वाटावं म्हणून म्हणायची का रे? तू विमानातून बघणारा माणूस. तिथून मी दिसते का..."

विमान आलं. आम्ही दोघंही गप्प झालो. त्या उठल्या नाहीत, पहिल्यांदाच. त्या पोटाखालच्या सावलीत मी विचार करत राहिलो. उतरताना क्रू आपल्या सीटवर पट्टा बांधून बसते. जवळची खिडकी असेल तळहाताएवढी. खाली हजार गच्च्या, विमान त्यांच्यावरून सुसाट जाणार. नसेलच दिसलं. पण हे मला वाटत होतं. बघितलेलं नव्हतं.

"...टॉवेल घेऊन उभी असलेली?" विमान गेल्यावर त्यांनी वाक्य पुरं केलं.

"तिला काय दिसायचं ते मला माहीत नाही, मावशी. मला काय दिसलं ते सांगतो. त्या ताडपत्रीच्या बोटीवर एक माणूस उभा होता. आम्ही जोरात होतो. त्याचं तोंड दिसलं नाही, वय कळलं नाही. पण तो आमच्यासाठी गमछा हलवतोय, हे दिसलं. स्वच्छ दिसलं."

"मग तू काय केलंस?"

हे मी नायर साहेबांनाही सांगितलं नव्हतं. "मी पण आतून हात हलवला."

"त्याला दिसला असेल?"

"नाही, मावशी. त्याला नसेल दिसला. पण हलवला."

त्या टॉवेल तोंडावर धरून रडल्या, आवाज न करता, खांदे हलवत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलो. माझंही त्या दिवशी काही खरं नव्हतं. डोळे पुसून उठल्या आणि म्हणाल्या, "रविवारी ठेवू या जलदान. तात्यांना तू सांग, माझ्याने नाही सांगवणार."

तात्यांना सांगितलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून बसले. रविवारी मात्र सगळ्यांच्या आधी, इस्त्रीचा सदरा घालून हजर. मावशींनी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतलं, ते भरून वाहीपर्यंत. घरची माणसं भांड्याला हात लावतात. मावशींनी मला बोलावलं, माझ्या बायकोला बोलावलं आणि दारात घुटमळणाऱ्या तात्यांना हाक मारली, "तात्या, या की. तुमचं पण चेडूच ना?"

तात्यांनी हात लावला. ते आता नाहीत. विमान जंगलात आहे, हे मत त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही, पण मावशींसमोर पुन्हा कधी काढलं नाही.

आमच्या स्क्वाड्रनमध्ये ड्यूटीवर असताना जीव गेलेल्यांच्या नावांचा एक फलक आहे. वर्षातून एकदा ती नावं मोठ्याने वाचतात आणि आम्ही सावधान उभे राहतो. प्रज्ञाचं नाव त्यावर असण्याचं कारण नाही. पण तीही ड्यूटीवरच गेली. प्रवाशांना पट्टे लावायला सांगून, स्वतःचा लावून. म्हणून मी रिटायर होऊन घरी आलो तरी त्या दिवशी उभा राहतो, फलकावरची सगळी नावं म्हणतो आणि शेवटी तिचं म्हणतो.

मावशी अजून गच्चीवर येतात. रोज नाही, प्रज्ञाच्या वाढदिवसाला. हल्ली त्यांचे हात वर होत नाहीत. या वर्षी टॉवेल माझ्याकडे दिला. पिवळा रंग आता सांगावा लागतो. विमान डोक्यावर आलं, मी दोन्ही हातांनी हलवला. ते गेल्यावर मावशींनी विचारलं, "कुणी हात हलवला का रे?"

"दिसलं नाही, मावशी."

"दिसलं नाही ना? मग पुढचं येऊ दे," त्या म्हणाल्या, आणि आम्ही पुढच्याची वाट बघत उभे राहिलो.