शेवटचा लठ्ठा
प्रिंटरच्या शाईचा वास आला की ऐंशीच्या दशकाअखेरचं वनखात्याचं आमचं चंद्रपूरचं संगणक कार्यालय आठवतं. आलापल्लीच्या सागवान लिलावाची यादी दुपारच्या बसने जायची होती आणि आमच्या साहेबांनी प्रत्येक लठ्ठ्यासाठी, म्हणजे ओंडक्यासाठी, संगणकाला द्यायची तीच आज्ञा पुन्हापुन्हा लिहिली होती. मी विचारलं, एकच आज्ञा फाइल ओळीओळीने वाचत गेली तर? "करून पाहा, बाई. पण यादी हुकली त माही बदली पार जंगलात, सिरोंच्याले," साहेब म्हणाले. चार ओळींत काम झालं, फक्त शेवटचा लठ्ठा छापला गेला नाही. "मशीनमंदी बी लाकूडचोर हाय काय?" साहेबांनी विचारलं. मला प्रश्न पडला, बाकी सगळे आले, मग हाच का नाही? फाइल उघडली तर लठ्ठा जागेवरच होता. पण त्या शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबायचं राहिल्यामुळे मशीन ती ओळ पुरी धरत नव्हतं. एंटर दाबलं, यादी पुन्हा छापली आणि ती दुपारच्या बसने गेली. साहेबांनी आपल्या जुन्या आज्ञा स्वतःच पुसल्या. आजही कुणी काम झालं म्हणालं, की मी आधी शेवट तपासते.