जोडीने बसणारा अध्यक्ष

जून २००९, शुक्रवार. शारजातल्या मराठी मंडळाच्या भाड्याच्या व्हिलात, मागच्या स्वयंपाकघरात, मी कांदे चिरत होते. औद्योगिक क्षेत्रातल्या कंपन्या मंदीत एकामागून एक बंद पडत होत्या. नोकरी गेलेली आपली माणसं तिथल्या खोल्यांमध्ये अडकली होती. आम्ही बायका पाळीपाळीने त्यांचं जेवण रांधायचो. डबे पोचवायचा एक इंजिनियर, स्वतःच्या गाडीने. ही कल्पनाही त्याचीच.

पुढच्या हॉलमध्ये मंडळातली धार्मिक मंडळी जमली होती. निवडणूक महिनाअखेर होती, पण ते आधी बसून आपल्यातला एक उमेदवार ठरवत आणि मग झाडून सगळे त्यालाच मत देत. अध्यक्ष खरा त्या दिवशीच ठरायचा. मीही सभासद, म्हणून हात पुसून दारात उभी राहिले.

इच्छुक तिघं. पहिले एक निवृत्तीला आलेले अकाउंटंट, खरोखरच देवभोळे. चतुर्थी कधी चुकवली नाही, बाहेरचं पाणीसुद्धा पीत नसत. त्यांना पाच मिनिटांत बाजूला काढलं. "फार कडक आहेत हो," बैठक चालवणारे काका म्हणाले, "ऑर्केस्ट्रावाले यांना मत देतील का?" ऑर्केस्ट्रावाले म्हणजे मंडळातला दुसरा गट, गाण्याबजावण्याचे कार्यक्रम हवे असणारा. म्हणजे खरी भक्ती मतांच्या आड येत होती.

दुसरा तो इंजिनियर. त्याला कामाबद्दल कोणी काही विचारलंच नाही.

"गणपतीच्या प्रतिष्ठापनेला अध्यक्ष बायकोसोबत जोडीने बसतो," काका म्हणाले. "तुमच्या मिसेस?"

"पुण्याला पाठवलंय, मुलांना घेऊन. पगार निम्म्यावर आलाय, काका. नीट झालं की येतील. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको, तारीख सांगा."

"तारीख कंपनी सांगेल." तो हसला. "आणि गणपती तरी कुठे जोडीने येतो आपल्याकडे?"

कोणी हसलं नाही. एका बाईने तर कानाच्या पाळीला हात लावला. त्या वर्षी अर्ध्या मंडळाने बायका परत पाठवल्या होत्या. हॉलमधले निम्मे पुरुष स्वतः एकटे राहून डाळ-भात शिजवत होते, आणि तेच माना हलवत होते.

तिसरा एका ट्रेडिंग कंपनीचा मॅनेजर. बायको शेजारी, शुक्रवारी सकाळी पैठणीत. अथर्वशीर्ष तीच म्हणायची, श्रेय हा घ्यायचा. मागच्याच संकष्टीला त्याने माझ्या नवऱ्याबरोबर कबाब खाल्ले होते, आणि हे हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी जास्त बोलत नाही," तो म्हणाला, आणि बराच वेळ बोलला. शेवटी म्हणाला, "गणपती याच व्हिलात बसतो, आणि देवाच्या स्वयंपाकघरात रोज कांदा-लसूण शिजतोय. मी आलो की ते आधी खलास."

टाळ्या पडल्या.

"मग ती माणसं जेवणार कुठे?" मी विचारलं.

"वहिनी, तुमच्या भावना समजतात," काका म्हणाले. माझ्या भावनांबद्दल मी काही विचारलं नव्हतं.

"आणि संकष्टीचे कबाब?"

"माणूस चुकतो हो. पण विधी मानतो. विधी मानणारा महत्त्वाचा."

हात वर झाले. इंजिनियरसाठी माझा आणि आणखी दोघांचा. अकाउंटंटनी स्वतःसाठीही हात वर केला नाही. तेही मॅनेजरच्या बाजूने. देवाची इतकी वर्षं सेवा करून त्यांना एवढंच कळलं होतं, की जिंकणाऱ्याबरोबर असावं.

निवडणुकीची वाट न बघता स्वयंपाकघर उद्यापासूनच बंद, हेही ठरलं. बैठक लांबली होती. काका स्वयंपाकघराच्या दारात आले. "वहिनी, वास छान सुटलाय. थोडं मिळेल का सगळ्यांना?"

"कांदा-लसूण आहे त्यात."

"आता केलंच आहे तर."

डब्यांपुरता रस्सा मी आधीच बाजूला काढला होता. उरलेलं त्यांनी पाव बुडवून पातेल्याच्या बुडापर्यंत खाल्लं. नियोजित अध्यक्षांनी दोनदा मागून घेतलं. इंजिनियर तोवर डबे गाडीत ठेवून गेलाही होता. जाताना त्याने एवढंच विचारलं, "आता उद्यापासून कुठून न्यायचे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या आधी मी व्हिलात गेले. किल्ली अजून माझ्याकडे होती. मोठं पातेलं, पोळपाट आणि कांद्याचं पोतं गाडीत घातलं, किल्ली काकांच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे दिली आणि घरी येऊन फोडणी टाकली. इंजिनियरला फोन केला: "डबे इथून न्यायचे. यल्ला, लवकर ये, मला ऑफिस आहे."