पोरीचा दात अन् माझा खर्रा

आमची पोरगी सात वर्षांची. तिले फ्रॉकची शिवण टोचते, मिक्सर लावला का कानावर हात, अन् खाण्यात नरम खिचडीशिवाय काही नको. पेरूची फोड दाताखाली कर्र वाजली का थुंकलीच. दात घासणं म्हणजे रोजची लढाई. त्यात मागची दाढ किडली. पुसदच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पंधरा दिवसांत तोंड उघडायला लागली तर इथंच भरून देते. नाहीतर नागपूरला नेऊन बेशुद्ध करून भरावी लागेल." बेशुद्ध नको बाई, पंधरा दिवसांत तोंड उघडायले लावतो, असं मी सांगून आलो.

अशा लेकरांले शिकवणाऱ्या यवतमाळच्या एका थेरपीवाल्या ताईनं बायकोले युक्ती शिकवली होती. ब्रश आधी पोरीच्या हाताले लावायचा, मग गालाले, मग ओठाले. दहा मोजायचे अन् थांबायचं. आठ दिवसांत पोरगी आईजवळ आ करू लागली. मी ब्रश घेतला का दातखीळ. अन् दवाखान्यात मलेच न्यायचं होतं, कारण बायकोले सातवा महिना, एसटीचे धक्के चालत नव्हते.

मी गाड्या दुरुस्त करणारा माणूस. जाम झालेला नट दोन ठोक्यात काढतो, धीर नावाची चीज नाही. "आईले तोंड उघडते, मले काहून नाही उघडत?" मी वरडलो.

"तिलेच विचारा ना शांतपणे," बायको म्हणे.

विचारलं. पोरगी नाक दाबून म्हणे, "बाबा, तुमच्या बोटाले खर्र्याचा वास येते."

घ्या! सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला खर्रा मी दिवसभर चघळत होतो, अन् त्याच अंगठ्यानं पोरीचा ओठ वर करून राह्यलो होतो. पोरगी काय चुकली होती? पुडी फेकली. तीन दिवस गिऱ्हाइकांवर असा खेकसलो का बायको म्हणे, याच्यापेक्षा खर्रा बरा होता. मग खिशात मुरमुरे ठेवले. पोरगी जवळ येऊन बसे. एक मी चावे, एक ती, तोंडात नरम होऊ देऊन, चांगल्या बाजूनं. ब्रशही मग माझ्या हातून चालू लागला.

पंधराव्या दिवशी पुसदले गेलतो. खुर्चीत मी, मांडीवर ती. बाई मधे मधे थांबत होत्या, पोरीनं तोंड उघडं ठेवलं, अन् दाढ भरून झाली. मी रडलो. लाज कायची त्याच्यात?

बाईंचं लक्ष माझ्या दातांवर गेलं. "आता तुम्ही आ करा. तीन बोटं उभी मावली पाहिजेत."

माझी दोनच मावली. लय जोर केला, जबडा हलेना. खर्र्यानं गाल आतून आवळून गेले, बाईंनी सांगितलं. सुटला तो आता परत धरायचा नाही, अन् तोंड उघडायचा व्यायाम रोज करायचा.

पोरगी माझ्या तोंडात वाकून वाकून पाहत होती. मग बाईंले म्हणे, "मी शिकवीन बाबाले. मी वरडत नाही."