भाताचं पान आणि माझी सावली

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. देवापुढंसुद्धा तोंडातून काढलं नाही. तुम्हाला का सांगतोय — मलाही नीट कळत नाही.

माझ्या धाकट्या भावाला, दत्तूला, डाव्या कानानं ऐकू येत नाही. लोकांना वाटतं, भावाभावांत जुंपली, चुकून वर्मी लागलं. चुकून? दांडा माझ्या हातात होता.

घाटघरला आमची भातखाचरं. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. शेतीच्या प्रशिक्षणातून मी एक प्लास्टिकची पट्टी आणली होती — हिरव्याच छटा, फिकट ते गडद. भाताचं पान तिच्यावर धरायचं. फिकट छटेशी जुळलं, तर नत्र कमी, युरिया द्यायचा. पट्टी खिशात घालून मी गावभर मिरवायचो. प्रशिक्षणात एक बजावून सांगितलं होतं — पान उन्हात बघू नका, अंगाच्या सावलीत बघा. उन्हात ते आहे त्याहून फिकट दिसतं.

खालच्या खाचरात युरिया टाकायचं काम दत्तूकडं होतं. काही दिवसांनी मी गेलो. पाऊस उघडला होता, ऊन कडक. घाईत पट्टी धरली — पान फिकट. यानं युरियाची गोणी विकली, एवढंच डोक्यात आलं. तो बांधावरच होता. फावडंही.

"दादा, टाकलाय रं! आईशपथ टाकलाय!"

पाठीत दांडा घातला. तो पडला. केस धरून त्याचं तोंड चिखलात दाबलं. श्वासासाठी धडपडत उठला, तेव्हा पुढचा तडाखा कानावर बसला. रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं. तरी मी थांबलो नाही. खरं सांगू? बरं वाटत होतं. आबांचा लाडका होता ना तो — किती वर्षं वाट बघत होतो मी?

आरडाओरडा ऐकून आबा, आमचे वडील, धावत आले.

"युरिया इकला यानं," मी म्हणालो. "पान बघा."

दाखवायला वाकलो आणि माझी सावली पानावर पडली. पान गडद दिसलं. गडद छटेशी अगदी जुळणारं. दत्तूनं युरिया टाकला होता.

मी बघितलं. आबांनी अजून बघितलं नव्हतं. तेवढ्यात बोलता आलं असतं — पण भाऊ समोर रक्तात बसलेला, आता काय म्हणू?

मी बाजूला सरकलो. ऊन पडू दिलं.

"बघा, कसं पिवळं पडलंय."

आबांनी त्या रक्ताळलेल्या पोराला लाथ घातली. "निघ माझ्या घरातनं."

त्या साली खाचर लोंब्यांनी वाकलं. मागून मीच युरिया दिला, असं सांगितलं मी. दत्तू वारूळवाडीला लोकांच्या द्राक्षबागेत राबत राहिला. आबांनी मरेपर्यंत त्याचं नाव घेतलं नाही. मी ते घेऊ दिलं नाही, असं म्हणा.

पुढं कळंबला एका लग्नात तो माझ्या पंगतीला बसला. चांगला कान माझ्याकडं करून.

"दादा, लई इचार केला मी. युरिया टाकला व्हता, पण समदीकडं सारखा पडला नसंल. माझंच चुकलं."

इतकी वर्षं तो हेच शोधत होता — मार कशासाठी खाल्ला ते.

"असंल," मी म्हणालो.

त्याचा चेहरा मोकळा झाला. तो जेवायला लागला.