आळशी समूहातला उजेड

ऐश्वर्या खिल्लारे हिंगोलीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. आखाडा बाळापूरहून रोज एसटीनं येजा करते. लग्नात अर्धवट राहिलेली पीएचडी तिनं पस्तिशीत पुन्हा हातात घेतली, तेव्हा सासूबाई सोजराबाई शेजारणींना एवढंच सांगायच्या, "ती आभाळाचं बघती."

विषय होता दीर्घिकांचे, म्हणजे गॅलेक्सींचे, समूह. दोन समूह एकमेकांवर आदळले की मधला तापलेला वायू घुसळून निघतो आणि रेडिओ लहरींचा फिकट उजेड दूरवर पसरतो. शांत समूहात तो असलाच तर मधोमध, थोडासा. ऐश्वर्याच्या वाट्याला असाच एक शांत समूह आला. "सगळ्यात आळशी माझ्याच पदरात पडला," ती म्हणायची.

एका रविवारी दुपारी तिनं दुर्बिणीच्या नोंदींवरून केलेल्या समूहाच्या रेडिओ नकाशातून एकेका दीर्घिकेचा ठिपका काढून टाकला. उरलं ते पाहिलं आणि किंचाळलीच. अंगणात हळद पसरणाऱ्या सोजराबाई काठी घेऊन धावत आल्या.

"काहून वरडून राहिली गं? साप निघाला काय?"

"न्हाई आई, उजेड निघाला! पार कडेपर्यंत!" म्हणत तिनं सासूला मिठीच मारली.

पुण्याच्या तिच्या गाईड रेवती मॅडम फोनवर म्हणाल्या, "आधी नाचणं थांबव. कमी फ्रिक्वेन्सीचा नकाशा तयार कर. खरा उजेड असेल तर तिथं जास्त ठळक दिसेल."

लॅपटॉप ते काम कितीतरी दिवस चघळत बसला. तोवर ऐश्वर्या अकरावीच्या वर्गात बारावीचा धडा शिकवून आली. एकदा तर कंडक्टर ओरडला, "मॅडम, बाळापूर मागं राहिलं की!" ती हसत सुटली आणि पुढच्या थांब्यावर उतरून परत मागं आली.

शेवटी नकाशा आला. उजेड तिथंच होता, आधीपेक्षा ठळक, आधीपेक्षा पसरलेला. तिनं तो मॅडमना पाठवून फोन लावला. आता मॅडमच हसायला लागल्या.

"अगं, एखादा लहान समूह कधीतरी धडकून गेला असणार. गाभा शाबूत, बाहेरचं सगळं ढवळलेलं. पेपर लिहायला घे!"

सोजराबाईंनी चष्मा लावून स्क्रीनवरचा नारिंगी डाग पाहिला. "एवढ्याशासाठी? केवढा हाय ह्यो?"

"आई, ह्या टोकाचा उजेड त्या टोकाला जायला तीसेक लाख वर्षं लागतात."

सोजराबाई बाजेवर मटकन बसल्या. आधी नुसतं "अगं बया" म्हणाल्या, मग त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना. दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. दुसऱ्या दिवशी बाजारात भाजी घेताना सोजराबाई भाजीवालीला सांगत होत्या, "तीस लाख वर्षं! आमच्या सुनंला घावलं."