फाटकावरचा पहारेकरी

दवाखान्यातून घरी आल्यावर कितीतरी दिवस मी बायकोच्या हातचा चहा तिनं आधी प्यायल्याशिवाय प्यायलो नाही. "तू घे आधी, मंग मी घेतो," म्हणायचो. तिला वाटायचं, नवरा मरणाच्या दारातून परत आला आणि सुधारला. ती लाजायची, पदरानं कप धरायची आणि दोन घोट घ्यायची. मी तिच्या गळ्याकडे बघत असायचो, घोट खाली उतरतो की नाही ते.

संशय हा तसा माझा पोटापाण्याचाच धंदा. जवाहरनगरच्या सरकारी कारखान्यात माझी सगळी नोकरी तपासणी विभागात गेली. समोर आलेला माल चांगला आहे असं धरायचं नाही. तो वाईटच आहे असं धरून चालायचं आणि चांगला निघाला तर सोडायचा. ही सवय कारखान्याच्या फाटकावर ठेवून घरी यायला हवं होतं, पण ती बसमध्ये माझ्याबरोबरच चढायची. भाजीवाली, दूधवाला, मेहुणे, कोणीच त्यातून सुटलं नाही. बायको म्हणायची, "या मानसानं लग्नातबी माझा हात उलटापालटा करून पाह्यला असन." लग्नात नाही, पण आधी बघायला गेलो होतो तेव्हा पाहिला होता. तेव्हा तिचं माहेर आमच्याच जिल्ह्यात होतं. पुढं जिल्हा फुटला आणि माहेर गोंदियात गेलं, एवढ्यावरूनही मी तिला पुष्कळ चिडवलं.

आजाराचं असं झालं. सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावी मी सुट्टीत गेलो होतो. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गवत वाढलं होतं, ते दिवसभर बसून कापलं. परत आल्यावर ताप चढला. मी नेहमीच्या गोळ्या घेत राहिलो. डॉक्टरवर विश्वास ठेवायचा नाही हेही माझ्या स्वभावात बसणारंच. श्वास लागायला लागला तेव्हा मुलानं मला उचलून गाडीत घातलं आणि भंडाऱ्याला नेलं. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं येणारा ताप, असं निदान झालं. फुप्फुसं भरली होती. आयसीयूत घशात नळी घातली, व्हेंटिलेटर लावला, झोपेची औषधं सुरू केली. मी नळी ओढून काढायला बघत होतो म्हणून हात पट्टीनं खाटेला बांधले. हे सगळं मला नंतर सांगण्यात आलं.

मला आठवतं ते वेगळंच. मला आठवतं, कारखान्याची सुट्टी झाली आहे, भोंगा थांबायचं नावच घेत नाही, आणि सगळे बसकडे चालले आहेत. मलाच फाटकावरचा पहारेकरी सोडत नाही. झडती झालेली आहे, खिसे रिकामे आहेत, तरी त्यानं माझं मनगट धरून ठेवलं आहे. बोलायला जावं तर तोंडात काहीतरी कोंबलेलं. बाहेर बस उभी, इंजिन सुरू, खिडकीतून ओळखीचे लोक हात करत होते. ज्याच्या मयतीला मी गेल्या उन्हाळ्यात गेलो होतो तो सोबतीही त्यांच्यात होता, आणि मला त्याचं काही नवल वाटलं नाही. मी त्या पहारेकऱ्याला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत.

मग एकाएकी फाटक नाहीसं झालं आणि पांढरे कपडे दिसले. बायको पांढऱ्या साडीत माझ्या उशाशी उभी होती आणि त्रिशरण म्हणत होती. आमच्या समाजात त्रिशरण-पंचशील लग्नात म्हणतात, बारशाला म्हणतात, नव्या घरात पाऊल टाकताना म्हणतात. माझं लग्न झालेलं होतं, बारसं तर कधीचंच झालं होतं. राहता राहिला एकच प्रसंग. मी समजून चुकलो की माझा निरोप चालला आहे, आणि मी अजून गेलेलो नाही हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही. जी भीती तेव्हा वाटली तिला माझ्याकडे शब्द नाही. मी ओरडत होतो आणि आवाज निघत नव्हता.

आणि मग तिचाच आवाज, अगदी स्पष्ट, मुलाशी बोलताना: "तुह्यं तरी व्हऊन जाईन मंग, पोरा. अनुकंपावर."

जवाहरनगरच्या क्वार्टरांत अनुकंपा म्हणजे काय हे पोरासोरांनाही कळतं. माणूस नोकरीत असताना गेला तर घरच्या एकाला नोकरी मिळू शकते. तो निवृत्त होऊन गेला तर नुसता हार मिळतो. मला निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. मुलगा आयटीआय करून घरी बसलेला, परीक्षा देऊन देऊन कंटाळलेला. तिनं ते म्हटलं आणि मुलगा गप्प राहिला. माझ्या हिशेबात गप्प म्हणजे होकार. तेवढ्यावर मी सगळं जुळवून टाकलं: पांढरी साडी, त्रिशरण, अनुकंपा. माल खराब.

घरी आलो तेव्हा मला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. आवाज घोगरा झाला होता, केस मूठमूठ गळत होते. संडासात जायचं तरी मुलाच्या खांद्यावर हात ठेवावा लागे, आणि ज्याला माझ्या मरणाची वाट होती त्याच्याच खांद्यावर हात ठेवायचा म्हणजे काय, ते मी भोगत होतो. गोळ्या मी स्वतः पाकिटावरचं नाव वाचून घ्यायचो. डोळा लागला की भोंगा ऐकू यायचा आणि दचकून बसायचो.

एकदा धीर करून बायकोला विचारलं, "मी तिथं असताना तुमी काय बोलत होते?"

"आमी कायले बोलू? आत कोनाले सोडतच नव्हते," ती म्हणाली. "तुमाले भास व्हत होते."

मुलाला विचारलं. तोही खाली बघून म्हणाला, "भास होते बाबा."

मग घरात तो शब्दच झाला. मी फाटकाचं सांगितलं, भास. पांढऱ्या साडीचं सांगितलं, भास. एकदा वरणात मीठ नाही म्हणालो तर शेजारीण म्हणाली, भास असन. सगळे हसले. मी हसलो नाही. तपासणीत इतकी वर्षं काढल्यावर एक कळतं, प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर येऊ लागलं की ते उत्तर आधी ठरलेलं असतं.

बायकोबरोबर पुन्हा दाखवायला भंडाऱ्याला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि मग विचारलं, "काका, झोप येते का? आयसीयूतलं काही काही आठवतं का?" हे कोणी विचारेल असं मला वाटलं नव्हतं. मी फाटकाचं तेवढं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, असं पुष्कळांना होतं. ताप, झोपेची औषधं, रात्रंदिवस सारखाच उजेड, यंत्रांचे आवाज, यानं डोकं भलतंच काहीतरी रचत बसतं, आणि घरी गेल्यावरही माणूस ते खरं मानतो. कोणी कोणी तर घरचेच आपल्याला मारायला टपलेत असंही मानतात. मी छताकडे पाहिलं.

"आधी आम्ही समजायचो, पेशंट आयसीयूतून बाहेर आला की आमचं काम झालं," त्या म्हणाल्या. "आता वाटतं की अर्धं तिथून पुढंच असतं. झोपेचं औषध किती द्यावं, हात बांधावेत की नाही, यावर आमच्यातही एकमत नाही. पण घरचं माणूस जवळ असलं तर पेशंट कमी घाबरतो, हे आम्ही बघतो. म्हणून तर तुमच्या घरच्यांना आत बसू दिलं होतं ना."

मी बायकोकडे वळून पाहिलं. ती पिशवीची गाठ सोडत होती, जी सुटलेलीच होती.

म्हणजे आत सोडत होते. म्हणजे घरात दोन माणसं माझ्याशी खोटं बोलली होती, तीही एकच खोटं, ठरवून. डॉक्टरीणबाईंनी मला बरं करायला जे सांगितलं त्यानंच माझा संशय पक्का झाला, हे त्यांना कळलं असतं तर बिचाऱ्यांनी कपाळाला हात लावला असता.

मधल्या काळात मुलाला पुण्याच्या एका कंपनीत काम मिळालं. तो जायचा दिवस आला. आतल्या खोलीत त्याची बॅग भरणं चाललं होतं. मी त्याच्याशी नीट बोलत नव्हतो हे त्याला कळत होतं, आणि कशामुळं ते तो विचारत नव्हता. आज हा असाच गेला तर पुन्हा सणावारी पाहुण्यासारखा येईल, आणि मी उरलेलं आयुष्य या बाईचा गळा बघत चहा पिईन. मला ते सहन होईना.

बायको स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. समोर खाटेवर मी, मधे चहा ठेवलेला. मी म्हणालो, "तू घे आधी." तिनं कप उचलला. मी म्हणालो, "पोराचं अनुकंपाचं राहूनच गेलं मंग."

कप तिच्या ओठाशी थांबला. आता 'भास' म्हणेल, म्हणून मी वाट बघत होतो.

"तुमाले ऐकू आलं व्हतं," ती म्हणाली.

"आलं होतं."

"मीनंच म्हनलं." तिनं कप खाली ठेवला. "डॉक्टर म्हने आशा धरू नका. मी काय करू? एक मानूस हातचा जाऊन राहिला, दुसऱ्याचं तरी पाहू म्हनलं. तोंडातून निघून गेलं. तुमच्या उशाशी नाई म्हनाले पायजे होतं. पन म्हनलं, खोटं नाई सांगत आता."

"आन पोरगा?"

"त्यानं माझ्याशी बोलनंच टाकलं. तुमी घरी येईस्तोवर बोलला नाई. मंग मीनंच त्याच्या हातापाया पडून सांगतलं, बाबाले सांगू नोको, भास म्हन."

मी विचारलं, "आन ते त्रिशरण? पांढरी साडी?"

"पौर्णिमा व्हती. विहारातून सरळ आली व्हती मी." ती आता रागावली होती. "सिस्टर म्हने, बोला त्यायच्यासंगं, वळखीचा आवाज ऐकू द्या. त्या पोरीसमोर मी नवऱ्यासंगं काय बोलू? जल्मात कधी बोलली का? जे रोज सकाळी घरात म्हनतो तेच म्हनलं."

आणि मग तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. तिनं कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हनून तुमी चहा मले आधी पाजत व्हते?"

मी कपाकडे हात नेला.

"आन मी येडी लाजून राहिली व्हती," ती म्हणाली. उठली, तो चहा मोरीत ओतला आणि आत निघून गेली. आजारात मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. ते मला तिथंच वाटलं, भांड्यांच्या आवाजात.

पण तपासणीवाल्याचं डोकं तशातही चालतं. साडी खरी निघाली, त्रिशरण खरं निघालं, बोलणंही खरं निघालं. मग फाटकच तेवढं भास कशावरून? मी तिथूनच विचारलं, "माझा हात कोन धरून ठेवत होता?"

"पोराले विचारा," आतून आवाज आला.

मुलगा दारात येऊन उभा राहिला होता. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. मी म्हणालो, "धरून दाखव."

तो खाटेवर माझ्या शेजारी बसला. एका हातानं त्यानं माझं मनगट धरलं, आणि दुसऱ्या हातात माझी बोटं घेतली, सलाईनची सुई असायची ती जागा मोकळी सोडून. कारखान्याचा कोणताही पहारेकरी असं दोन हातांनी धरत नाही. ही गोष्ट इतके दिवस माझ्या नजरेतून निसटली होती.

"सिस्टर म्हने, कोनी धरून बसत असन तर पट्टी सोडतो," तो म्हणाला. "मंग मी बसत होतो. तुमी लय जोर लावत होते, बाबा. मले कुठंतरी जायचं हाय, असं करत होते. तोंडात नळी होती तरी शिव्या समजत होत्या."

मला ती बस आठवली. इंजिन सुरू असलेली, खिडकीतून हात करणारी माणसं. मी रडलो. माझा आवाज अजून घोगराच होता, त्यामुळं ते रडणं फार वाईट ऐकू आलं असणार. मुलगा घाबरला. म्हणाला, "सोडू का?"

"राहू दे," मी म्हणालो.

तेवढ्यात बायको नवा चहा घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहून, माझ्या डोळ्यांत बघत, तिनं त्यातले दोन घोट घेतले. चांगले मोठे, आवाज करून. मग कप पुढं केला. एक हात मुलाच्या हातात होता, दुसऱ्यात कप पेलण्याइतकी ताकद अजून आली नव्हती. तिला तो माझ्या तोंडाला लावावा लागला. चहा उकळता होता, तोंड पोळलं, आणि मी तसाच पिऊन टाकला.