जॅकवरचा साचा कोणाचा?

कोणाच्या घरी जुन्या साड्या साचतात, कोणाच्या घरी रिकामे डबे. आमच्या वेल्डिंगच्या दुकानात भांडणं साचतात. महिन्यातून एका रविवारी अमरावती-अकोल्याची हौशी मंडळी आमच्या शेडात जमतात. प्रत्येकाचा पोटाचा धंदा वेगळा, मशीन बनवणं ही निव्वळ हौस. मशीन चालतं का, हे नंतर. पहिला प्रश्न एकच, "आयडिया कोणाची?"

मीपण त्यातलीच, हे आधीच सांगून टाकते. गाडीच्या जॅकवर चालणारा कुरोड्यांचा, म्हणजे कुरडयांचा, साचा मी बनवला. हातानं दाबून दाबून खांदे भरून यायचे, म्हणून बनवला. अन् तोच साचा अकोल्यात दुसऱ्याच्या नावानं फिरून राहिला होता. तेव्हा हे किस्से मी साखरेत घोळून सांगणार नाही.

*

आमच्यात एक नियम आहे. मशीन चादरीखाली झाकून आणायचं, अन् चादर काढायच्या आधी बाकीच्यांनी आपापल्या डोक्यातलं बोलून टाकायचं. कारण चादर निघाली की जो तो म्हणतो, "अरे, हेच माझ्या डोक्यात होतं!"

एकदा राजाभाऊ आले चादर घेऊन. राजाभाऊ म्हणजे रिटायर कंडक्टर. एक जण बोलला, "मी पाखरं हाकलायचा पंखा करून राहिलो. हवा आली का ताटली वाजते." दुसरा म्हणाला, "मीपण तेच!" तिसरा उठूनच उभा राहिला, "आँ? मीपण!"

राजाभाऊनं चादर ओढली. पंखा अन् ताटली!

चौघं एकमेकांच्या अंगावर धावले. मी म्हटलं, "आधी मोबाइल काढा सगळे." काढले. चौघांच्या मोबाइलात एकच व्हिडिओ!

राजाभाऊ तरी मागे हटेनात. म्हणाले, "पण लाइक मी पहिले केला होता!"

*

अकोल्याच्या जुन्या शहरात सलीमभाईचं भंगाराचं दुकान आहे. वायपरची जुनी मोटर आम्ही सगळे तिथूनच आणतो. मग मशीनं सारखी दिसतील नाही तर काय?

विनोद अन् गजानन, दोघांनी आपोआप हलणारा पाळणा बनवला. कोणी कोणाचा चोरला, यावरून बोलणं बंद. शेवटी निवाडा सलीमभाईकडे गेला.

सलीमभाई म्हणाले, "मोटर गाडीची. पाइप माझ्या भंगारातले. वेल्डिंग या वैनीचं. मंग याच्यात तुमचं काय हाय?"

गजानन तडकला, "आतलं पोरगं माझं हाय!"

*

धामणगावच्या एका गुरुजींना चोरीची फार धास्ती. त्यांनी शेंगा सोलायचं मशीन तीन ठिकाणी तुकड्यातुकड्यानं बनवायला टाकलं. ड्रम धामणगावात, पातं अकोल्यात, फ्रेम आमच्याकडे. कोणालाच पूर्ण सांगायचं नाही.

मी विचारलं, "गुरुजी, ड्रम केवढा आहे तेवढं तर सांगा."

"ते गुपित आहे, बाई."

जोडायच्या दिवशी ड्रम फ्रेमपेक्षा मोठा, अन् पातं ड्रमपेक्षा मोठं! गुरुजींनी चष्मा पुसला अन् म्हणाले, "नाही चाललं तर नाही. पण कोणाले कळलं नाही ना?"

*

हा आमच्या घरचा. माझा साचा पाहायला एक पाहुणे आले. मी समोर उभी, हाताला ग्रीस. ते सरळ आमच्या मालकांना विचारतात, "भाऊ, हे सुचलं कसं तुम्हाले?"

आमच्या मालकांनी घसा साफ केला. "त्याचं असं झालं, एक दिवस मी खाटेवर बसलो होतो..."

"हे खरं हाय," मी म्हटलं. "बसलेच होते."

*

आता अकोल्याचे सुधाकरभाऊ. औषधाचं दुकान आहे, पण जीव नटबोल्टात. मागच्या उन्हाळ्यात मी कुरोड्या घालत असताना बायकोला, कुंदाताईला, घेऊन आले. चहा प्यायले. मग वितीनं माझा साचा मोजत बसले.

"काय करून राहिले, भाऊ?"

"काही नाही वैनी, सहज."

दोन महिन्यांत अकोल्यातून ऐकू यायला लागलं, 'सुधाकरभाऊचा जॅक-साचा'! मी फोन लावला. ते म्हणाले, "कल्पना काय वैनी, कोणालेपण सुचते. माझ्या डोक्यात तर लहानपणापासून होती."

"जॅकपण लहानपणापासूनच होता का?"

फोन कट!

पुढच्या रविवारी ते साचा घेऊन शेडात हजर. सोबत कुंदाताई. चादर काढली. साचा दारू प्यायल्यासारखा एका अंगाला झुकलेला! दोन पायांखाली फरशीचे तुकडे सरकवले, तेव्हा कुठे सरळ झाला.

सलीमभाईंनी वाकून पाहिलं. "दोन पाय लांब काहून हाय, भाऊ?"

"डिझाइन हाय ते," सुधाकरभाऊ म्हणाले. "त्याच्यानं दाब बराबर बसते."

"चुकून तर नाही ना झालं?" मी विचारलं.

"चुकून? महिनाभर विचार केला त्या पायांचा!"

"अन् सगळं तुमच्याच डोक्यातलं?"

"पोराची शपथ, वैनी!"

मी म्हटलं, "उचला."

चौघांनी साचा उचलला अन् जिन्यानं वर, आमच्या गच्चीवर आणला. दर उन्हाळ्यात मी कुरोड्या तिथंच घालते. जुनी गच्ची, पावसाच्या पाइपाकडे उतार जरा जास्तच आहे.

"लांब पाय पाइपाकडे करा," मी म्हटलं.

ठेवला. खाली फरशी नाही, काही नाही. साचा ताठ उभा! राजाभाऊनं काठोकाठ भरलेला पाण्याचा गिलास वर ठेवला. थेंब सांडला नाही.

सगळे सुधाकरभाऊकडे पाहून राहिले. सुधाकरभाऊ पाइपाकडे पाहून राहिले.

तेवढ्यात कुंदाताई बोलल्या, "अहो, आता आपल्या घरी गच्चीपण अशीच बांधा मंग!"